त्रिंबकजी डेंगळे

त्रिंबकजी डेंगळे (मृत्यू : १८२९, चुनारगड) हे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे अत्यंत विश्वासू सरदार व कारभारी होते. बडोद्याच्या गायकवाडांचे मुतालिक गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात खून झाला. त्या खुनाचा आरोप त्रिंबकजींवर आला आणि पेशवे सरकार हे प्रकरण दडपत असल्याचा ठपका ईस्ट इंडिया कंपनीने ठेवला. पुढे याच प्रकरणातून १८१७ चा पुणे तह झाला व अवघ्या वर्षभरात मराठी राज्य लयाला गेले. त्रिंबकजींवर कोणत्याही न्यायालयात खटला चालला नाही. त्यांचे अपराधीपण ठरले ते दोन सरकारांमधील तहाच्या मसुद्यात.

पूर्वायुष्य

त्रिंबकजी हे सध्याच्या संगमनेर तालुक्यातील निमगाव जाळी येथील पाटील घराण्यातले. पेशव्यांच्या चाकरीत ते प्रथम जासूद म्हणून आले. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशवे व शिंदे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला, तेव्हा बाजीराव पुणे सोडून महाडकडे निघून गेले. त्या पळापळीच्या दिवसांत महाडहून पुण्यास पत्र पोचवून त्याचे उत्तर अनपेक्षित वेगाने परत आणण्याची कामगिरी त्रिंबकजींनी केली. या चपळाईमुळे ते बाजीरावांच्या नजरेत भरले, असे सांगितले जाते.

त्यानंतरची त्यांची चढती कमान स्वकष्टाची होती. घराण्याचा मोठा वारसा, जुनी सरदारकी किंवा विद्वत्तेची प्रतिष्ठा यांपैकी काहीही त्यांच्यापाशी नव्हते. अविश्रांत श्रम, धाडस आणि धन्याची आज्ञा झाल्यावर मागेपुढे न पाहण्याची वृत्ती या गुणांवर ते पुढे आले. नाना फडणीसांच्या करड्या देखरेखीत वाढलेल्या बाजीरावांना जुन्या घराण्यांतील सरदारांचा व मुत्सद्द्यांचा कायमच संशय वाटे. सर्वस्वी आपल्यावरच अवलंबून असलेला माणूस त्यांना हवा होता आणि तो त्यांना त्रिंबकजींमध्ये सापडला. पुढे पेशव्यांचा तोफखाना त्यांच्या ताब्यात आला आणि राज्यकारभाराच्या जवळजवळ प्रत्येक खात्यात त्यांचा शब्द चालू लागला.

कारभार व वैरी

बाजीरावांच्या काळात मामलती इजाऱ्याने, म्हणजे सर्वाधिक रकमेची बोली करणाऱ्याला देण्याची पद्धत रूढ झाली. इजारदार रयतेकडून शक्य तितके उकळी आणि त्याच्यावर बोली चढवणारा दुसरा कोणी आला की त्याचा इजारा जाई. या पद्धतीने पेशव्यांची तिजोरी भरली, मात्र गावे उजाड झाली. या कारभारात त्रिंबकजींचा हात मोठा होता. त्यांना देशभक्त मानणाऱ्यांनाही ही बाजू नाकारता येत नाही.

दरबारात त्यांचे स्पर्धक पुष्कळ होते. सदाशिव माणकेश्वर हे जुने कारभारी त्यांच्यामुळे मागे पडले. पेशवे व इंग्रज रेसिडेंट यांच्यातील मध्यस्थ आणि कर्नाटकचे सरसुभेदार खुश्रूशेट मोदी यांच्याशी त्रिंबकजींचे उघड वैर होते. मोदींना पदावरून दूर व्हावे लागले आणि १८१५ च्या आरंभी, पुणे सोडून गुजरातेत जाण्याच्या तयारीत असतानाच विषामुळे त्यांचा मृत्यू झाला. ते विष त्यांनी स्वतः घेतले की त्यांना कोणी दिले, याचा उलगडा झाला नाही. पंढरपूरच्या घटनेच्या अवघे काही महिने आधीच ही कुजबूज पुण्यात चालू होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

१८११ पासून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे पुण्यात कंपनीचे रेसिडेंट होते. वसईच्या तहाने (१८०२) पेशव्यांच्या परराष्ट्र व्यवहारावर कंपनीचे नियंत्रण आले होते. शिंदे, होळकर व भोसले यांच्याशी पुन्हा गुप्त संधान बांधण्याच्या बाजीरावांच्या खटपटीमागे त्रिंबकजींचाच सल्ला आहे, अशी एल्फिन्स्टनची पक्की धारणा झाली होती. त्यामुळे खुनाच्या आधीपासूनच त्रिंबकजी हे इंग्रजांच्या डोळ्यांत सलत होते.

गायकवाडांचा हिशेब

पेशवे व गायकवाड यांच्यामधील पैशाचा वाद जुना होता. थकलेल्या खंडणीपोटी पेशवे फार मोठ्या रकमेवर हक्क सांगत आणि गायकवाड आपले उलट दावे पुढे करीत. त्याशिवाय अहमदाबादच्या उत्पन्नातील पेशव्यांचा हिस्सा वार्षिक साडेचार लाख रुपयांवर गायकवाडांना दहा वर्षांच्या इजाऱ्याने दिलेला होता. त्याची मुदत १८१४ मध्ये संपत होती. बाजीरावांनी इजारा पुन्हा न देता अहमदाबादची सुभेदारी त्रिंबकजींच्या नावे केली. गुजरातेत पेशव्यांचा माणूस पुन्हा येऊन बसणे बडोद्याच्या दरबाराला जितके नको होते, तितकेच ते कंपनीलाही नको होते.

या वाटाघाटींसाठी गंगाधरशास्त्री पटवर्धन १८१४ मध्ये पुण्यास आले. शास्त्री एके काळी पुण्यात फडक्यांच्या पदरी कारकुनी करीत होते. बडोद्यात इंग्रजांच्या आश्रयाने ते मोठ्या पदाला चढले. इंग्रजी रीतीभातींची त्यांना आवड होती आणि पुण्यातील जुन्या मंडळींना ते काहीसे उर्मट वाटत. ते पुण्यास आले ते कंपनीची हमी घेऊन. त्यांच्या जीवितास धक्का लागणे म्हणजे कंपनीच्या शब्दाला धक्का लागणे, असा या हमीचा अर्थ होता. पुढील सारा प्रसंग या एका गोष्टीभोवती फिरतो.

प्रारंभी शास्त्र्यांची दरबारात उपेक्षा झाली. पुढे वारे फिरले आणि त्यांना आपल्या बाजूस वळवून घेण्याचे प्रयत्न सुरू झाले. बाजीरावांनी त्यांना आपला कारभारी करण्याचा मनोदय दाखवला आणि आपल्या मेहुणीचा विवाह शास्त्र्यांच्या मुलाशी ठरवला. गायकवाडांनी सात लाख उत्पन्नाचा मुलूख देऊन सारा वाद मिटवावा, अशा तडजोडीस शास्त्री राजी झाले. बडोद्याहून मात्र या तडजोडीस संमती आली नाही. शास्त्री पेचात सापडले. नाशिक येथे लग्नाची तयारी झाली असताना त्यांनी सोयरीक लांबणीवर टाकली. पेशव्यांच्या वाड्यात आपल्या पत्नीला पाठवण्यासही त्यांनी नकार दिला. वाड्यातील वातावरणाबद्दल गावात जे बोलले जाई, ते पाहता या नकाराचा अर्थ सर्वांनाच कळत होता. बाजीरावांचा याने दुहेरी अपमान झाला.

पंढरपूरची रात्र

१८१५ च्या आषाढी वारीसाठी बाजीराव नाशिकहून पंढरपुरास गेले. त्यांच्याबरोबर त्रिंबकजी होते आणि आपला मोठा लवाजमा मागे ठेवून मोजक्याच लोकांनिशी शास्त्रीही गेले. त्या सुमारास एल्फिन्स्टन वेरूळची लेणी पाहण्यास गेले होते.

२० जुलै १८१५ रोजी शास्त्र्यांच्या अंगात ताप होता. त्या संध्याकाळी विठ्ठलाच्या दर्शनास येण्याचे निमंत्रण त्रिंबकजींकडून आले. शास्त्र्यांनी प्रकृतीचे कारण सांगून नकार कळवला. दर्शनाची गर्दी ओसरली आहे, तेव्हा यावे, असा निरोप पुन्हा आला. अखेर मन मोडवेना म्हणून शास्त्री मोजक्या निःशस्त्र माणसांसह निघाले. वाटेत गर्दीतील एकाने शास्त्री कोणते अशी विचारणा केली आणि गळ्यात कंठी घातलेले ते, असे उत्तर दुसऱ्याने दिले, हे त्यांच्याबरोबरच्या माणसाने ऐकले होते. ते सारे त्याला नंतर आठवले. त्या क्षणी त्याला त्यात काही वावगे वाटले नाही.

देवदर्शन झाले. त्रिंबकजींशी थोडा वेळ बोलणे झाले. शास्त्री परतीच्या वाटेला लागले आणि देवळापासून काही अंतर जाताच मागून काही माणसे धावत आली. त्यांनी वाट सोडा असा ओरडा केला आणि हातातील कापडात गुंडाळलेल्या तलवारी काढून शास्त्र्यांवर वार केले. शास्त्री जागीच कोसळले. मारेकरी ज्या दिशेने आले होते त्याच दिशेने, म्हणजे देवळाकडे, पळून गेले.

चौकशी न होण्याची चौकशी

खून कोणी करविला हा प्रश्न एक आणि खुनानंतर पेशवे सरकारने काय केले हा प्रश्न दुसरा. कंपनीच्या आरोपपत्राचा खरा भार या दुसऱ्या प्रश्नावर होता.

शास्त्र्यांच्या माणसांनी दुसऱ्या दिवशी त्रिंबकजींकडे चौकशीची मागणी केली. गावाच्या बंदोबस्ताचा अधिकार त्यांच्याच हाती होता. आपण शोध करतोच आहोत, पण शास्त्र्यांचे वैरी पुष्कळ होते, बडोद्यातील सीताराम रावजींचा गटही त्यांच्या जिवावर उठला होता, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. हे उत्तर निव्वळ सबब नव्हते. बडोद्याच्या दरबारात शास्त्र्यांना खरोखरच कडवे विरोधक होते आणि त्या गटाचे गोविंदराव बंडोजी व भगवंतराव गायकवाड हे दोघे त्याच वेळी पेशव्यांच्या आश्रयाला होते. त्या दोघांना तत्काळ धरून विचारपूस करणे अवघड नव्हते. पण ती झाली नाही. वारीच्या गर्दीत, पेशव्यांच्या पहाऱ्यात, रस्त्यावर झालेल्या खुनाचा एकही मारेकरी हाती लागला नाही. काही दिवसांत शास्त्र्यांच्या माणसांना या प्रकरणाची वाच्यता न करता निघून जाण्यास सुचवण्यात आले. इकडे बाजीरावांनी स्वतःभोवतीचा पहारा मात्र वाढवला.

वृत्त कळताच एल्फिन्स्टन वेरूळहून पुण्यास परतले. शास्त्र्यांचे सहकारी बापू मैराळ व इतरांच्या मदतीने त्यांनी स्वतंत्रपणे माहिती गोळा केली. ऑगस्टमध्ये बाजीराव नेहमीचा गाजावाजा टाळून बंद मेण्यातून पुण्यात आले आणि त्यांनी रेसिडेंटची भेट टाळली. तेव्हा १५ ऑगस्ट १८१५ रोजी एल्फिन्स्टन यांनी लेखी याद पाठवून त्रिंबकजी, बंडोजी व भगवंतराव या तिघांना अटक करण्याची मागणी केली.

या यादीत एक गोष्ट हेतुपुरस्सर वगळलेली होती. खुनाची बाजीरावांना पूर्वकल्पना होती, असा एल्फिन्स्टनचा स्वतःचा संशय होता. तरीही सर्व दोष त्रिंबकजींवर ठेवून पेशव्यांना अनभिज्ञ मानायचे, असे धोरण त्यांनी पत्करले. पेशव्यांना आपल्या कारभाऱ्यापासून अलग करता यावे आणि युद्धाचा प्रसंग टळावा, हा त्यामागील हिशेब होता. म्हणजे पेशवे सरकार जसे आपल्या माणसाला पाठीशी घालत होते, तसे कंपनी सरकारही, निराळ्या कारणाने का होईना, एका माणसाला या प्रकरणाबाहेर ठेवत होते. या खुनावर लिहिताना इंग्रज इतिहासकार पहिल्या गोष्टीचा विस्तार करतात आणि दुसरी ओझरती सांगून पुढे जातात.

बाजीरावांची बाजू अशी होती की आधी पुरावा दाखवावा, मग अटक करू. एल्फिन्स्टन यांचे म्हणणे होते की त्रिंबकजी मोकळे असेतोवर त्यांच्याविरुद्ध साक्ष देण्यास कोणी धजणार नाही. दोन्ही युक्तिवादांत तथ्य होते. मात्र बाजीरावांनी दरम्यान स्वतःची अशी कोणतीही चौकशी केली नाही, त्यामुळे त्यांचा युक्तिवाद लंगडा पडला. शिरूरची तैनाती फौज पुण्याकडे सरकली. प्रथम त्रिंबकजींना साताऱ्याकडील वसंतगडावर पेशव्यांच्याच कैदेत ठेवण्यात आले. कंपनीला तेवढ्याने समाधान वाटेना, तेव्हा सप्टेंबर १८१५ मध्ये त्यांना इंग्रजांच्या स्वाधीन करण्यात आले व ठाण्याच्या किल्ल्यात बंदिस्त करण्यात आले. बंडोजी व भगवंतराव यांना बडोद्याच्या सरकारकडे सोपवण्यात आले.

ठाण्याहून पलायन

कैद्याला फितुरीने सोडवले जाऊ नये म्हणून ठाण्याच्या किल्ल्यात केवळ युरोपीय शिपायांचा पहारा ठेवण्यात आला होता. हीच व्यवस्था त्रिंबकजींच्या पथ्यावर पडली. एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पागेत नोकरीस राहिलेला मराठा मोतद्दार घोडे फिरवताना त्यांच्या कोठडीच्या खिडकीखालून मराठी गाणी म्हणत जाई आणि त्या गाण्यांतून सुटकेचा बेत सांगे. पहारेकऱ्यांना मराठीचा गंध नव्हता. १२ सप्टेंबर १८१६ च्या पावसाळी संध्याकाळी शौचकूपाच्या भिंतीला पाडलेल्या भगदाडातून त्रिंबकजी निसटले. पहारेकऱ्यांच्या लक्षात येईपर्यंत ते किल्ल्याबाहेर पडले होते.

पुढील काही महिने ते संगमनेर, नाशिक, खानदेश व शंभू महादेवाचे डोंगर या टापूंत वावरत राहिले आणि भिल्ल, रामोशी, मांग अशा लढाऊ लोकांची जमवाजमव करत राहिले. बाजीराव मात्र त्यांचा आपल्याला ठावठिकाणा नसल्याचे रेसिडेंटला सांगत होते. महादेवाच्या डोंगराकडे शोधासाठी बापू गोखल्यांची फौज धाडण्यात आली. त्या फौजेने बंडखोरांचा मागमूसही नसल्याचे कळवले. ज्या भागात हजारोंचा जमाव असल्याचे रेसिडेंटचे हेर सांगत होते, त्याच भागातून हा अहवाल आला होता. पेशव्यांकडून त्रिंबकजींना गुप्तपणे पैसा पोचतो, असाही एल्फिन्स्टनचा आरोप होता. पंढरपुरास काही दिसले नाही असे म्हणणारे सरकार आता महादेवाच्या डोंगरातही काही दिसत नाही असे म्हणत होते आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायला कोणी उरले नव्हते.

पुणे तह

मे १८१७ मध्ये एल्फिन्स्टन यांनी निर्वाणीची मागणी केली. एका महिन्याच्या आत त्रिंबकजींना स्वाधीन करावे आणि तोवर तारण म्हणून सिंहगड, पुरंदर व रायगड हे किल्ले द्यावेत, असे त्यांनी कळवले. कंपनीच्या फौजांनी पुणे घेरले. बाजीरावांनी किल्ले सोडले आणि त्रिंबकजींना पकडून देणाऱ्यास दोन लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. धन्यानेच आपल्या सेवकाच्या शिरावर लावलेली ही किंमत होती. ती घ्यायला कोणीही पुढे आले नाही, यावरून एक तर जाहीरनाम्यावर लोकांचा विश्वास नव्हता किंवा त्रिंबकजींच्या बाबतीत त्यांची मने निराळी होती, असा निष्कर्ष निघतो.

१३ जून १८१७ रोजी पुणे तह झाला. गंगाधरशास्त्र्यांचा खून त्रिंबकजींनी केल्याचे पेशव्यांनी या तहात मान्य केले. त्रिंबकजींना पकडून देण्याचे वचन त्यांनी दिले आणि तोवर त्यांच्या कुटुंबीयांना ओलीस ठेवण्याचे कबूल केले. मराठा मंडळाचे प्रमुखपद पेशव्यांनी सोडले, चौतीस लाख उत्पन्नाचा मुलूख कंपनीस दिला, गायकवाडांवरील साऱ्या जुन्या मागण्या वार्षिक चार लाखांवर मिटवल्या आणि अहमदाबादचा इजारा साडेचार लाखांवर गायकवाडांना कायमचा देऊन टाकला. एका खुनाच्या न्यायासाठी सुरू झालेले प्रकरण अशा प्रकारे मुलूख व महसुलाच्या आकड्यांवर येऊन थांबले. ज्या वादासाठी शास्त्री पुण्यास आले होते, तो त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी जवळपास पूर्णपणे बडोद्याच्या बाजूने निकाली निघाला. लष्करी दबावाखाली दिलेल्या कबुलीला पुरावा म्हणावे काय, हा प्रश्न या तहातील पहिल्या वाक्यांपाशीच उभा राहतो.

अखेरचे युद्ध

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला लढाई झाली आणि पेशवे व कंपनी यांच्यातील उरलासुरला पडदा फाटला. त्रिंबकजी उघडपणे बाजीरावांना येऊन मिळाले. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगाव येथील लढाईत बापू गोखल्यांसमवेत हल्ल्याची सूत्रे हलवणाऱ्यांत ते होते. पुढे बाजीरावांची दिशाहीन धावपळ सुरू झाली. एप्रिलमध्ये विदर्भातील शिवणी येथे त्यांच्या सैन्याची दाणादाण उडाली आणि जालन्याकडील हैदराबाद तैनाती फौजेचे सेनानी डव्हटन यांनी त्यांचा पाठलाग केला. ३ जून १८१८ रोजी बाजीराव अशीरगडाजवळ माल्कमच्या स्वाधीन झाले. त्यांना सालीना आठ लाख रुपयांचे निवृत्तिवेतन मिळाले आणि गंगेकाठी कानपूरजवळ बिठूर येथे राहण्याची सोय झाली.

त्रिंबकजींसाठी कोणतीही अट घातली गेली नव्हती. ते पुन्हा नाशिक भागात आले आणि जूनच्या अखेरीस निफाडजवळच्या अहिरगावी पकडले गेले.

चुनारगड

त्यांना पुन्हा ठाण्यास आणि तेथून बंगालच्या वाटेने उत्तरेस, काशीजवळच्या चुनारगडावर नेण्यात आले. हा किल्लाही गंगेच्याच काठावर आहे. धनी व सेवक यापुढे एकाच नदीकाठी राहिले, एक वाड्यात व दुसरा कोठडीत. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी १८२४ मध्ये चुनारगडावर त्यांना पाहिले आणि आपल्या प्रवासवर्णनात त्यांची नोंद केली. ठाण्याच्या मोतद्दाराच्या गाण्याची हकिकत त्या ग्रंथामुळेच इंग्रजी वाचकांपर्यंत पोचली. ठाण्याचा अनुभव लक्षात घेऊन या वेळी पहारा कडक ठेवला होता. अकरा वर्षांच्या बंदिवासानंतर १८२९ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

इतिहासकारांची मते

ग्रँट डफ यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. एल्फिन्स्टन यांच्या हाताखाली काम केलेल्या या लेखकाने त्रिंबकजींचा अपराध गृहीत धरला आणि पुढील इंग्रजी ग्रंथांनी तोच धागा पुढे नेला. पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार विसाव्या शतकात जदुनाथ सरकार व गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला, तेव्हा मूळ कागद अभ्यासकांना पाहता आले. निमंत्रणाचा आग्रह, मारेकऱ्यांची पळण्याची दिशा आणि नंतरचे मौन ही सारी परिस्थिती त्रिंबकजींविरुद्ध जाते. प्रत्यक्ष आज्ञेचा पुरावा मात्र त्या कागदांत सापडत नाही. हेतू पाहावा, तर त्रिंबकजींइतकाच तो अपमानित पेशव्यांना होता आणि बडोद्याच्या विरोधी गटालाही होता.

महाराष्ट्रात दुसरा मतप्रवाह त्रिंबकजींना कंपनीच्या कावेबाजपणाचे बळी व अखेरपर्यंत झुंजलेले स्वातंत्र्ययोद्धे मानतो. अखेरच्या युद्धातील त्यांच्या निष्ठेबद्दल शंका घेण्यास जागा नाही. तथापि त्या निष्ठेवरून पंढरपूरच्या रात्रीचा निर्णय लावता येत नाही, तसाच पुणे तहातील कबुलीवरूनही तो लावता येत नाही. पंढरपुरात जुलै १८१५ मध्ये जे जबाब घ्यायला हवे होते ते पेशव्यांच्या दप्तरात नाहीत, आणि कंपनीने जे जबाब घेतले त्यांतील साक्षीदारांची उलटतपासणी कधी झाली नाही.